सुप्राचे सहा प्लग : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

गाडी टोयोटा सुप्रा, ए८० पिढीतली. इंजिन २जेझेड-जीटीई : तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, दोन टर्बो, कॉम्प्रेशन ८.५ ला १. कंपनीतून बाहेर पडताना बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतात त्या हवेचा जास्तीचा दाब, पाऊण बारच्या आसपास असतो, माझ्या गाडीत तो आता १.२ बार आहे. मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा), मोकळा एक्झॉस्ट आणि बाहेरचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) ही कामं आधीच झालेली आहेत.

तक्रार अशी. वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की चार हजार आरपीएमच्या थोडं पुढे गाडी मिसिंग मारते. ओढ मध्येच तुटते आणि सगळी गाडी दोन-तीन झटके खाते. थ्रॉटल थोडा सोडला की लगेच सुरळीत. आयडलिंग छान, हळू चालवताना कसलीच तक्रार नाही, थंड इंजिनही पहिल्या सेल्फला सुरू होतं.

या इंजिनात दुसरा टर्बो चार हजारांच्या सुमारास कामाला लागतो. त्यामुळे पहिला संशय दोन टर्बोंच्या त्या अदलाबदलीवर जातो. पण तिथला खड्डा वेगळा असतो. तो मऊ असतो, दर वेळी त्याच आरपीएमला येतो आणि ओलांडला की संपतो. इथे झटका टोकदार आहे आणि भार असेपर्यंत चालू राहतो. दुसऱ्या गिअरमध्ये हाच पट्टा गाडी न अडखळता पार करते, कारण तिथे भार कमी आणि वेळही कमी. भाराबरोबर वाढणारं मिसिंग म्हटलं की आधी ठिणगी तपासायची, बाकीचं नंतर.

५ जानेवारी

ईसीयूचा लॉग काढून बसलो. झटक्याच्या क्षणी वाइडबँड सेन्सर मिश्रण एकदम लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, दाखवतो. हा आकडा पाहून पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि लोक पंप, फिल्टर बदलायला धावतात. पण सेन्सर पेट्रोल मोजतच नाही, तो एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रणाचा अंदाज देतो. सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो आणि सेन्सरला मिश्रण लीन वाटतं. फ्युएल प्रेशरची रेघ त्याच क्षणी सरळ आहे, इंजेक्टर उघडे राहण्याचा वेळही बदललेला नाही. म्हणजे पेट्रोल पोहोचलं होतं, पेटलं नाही.

ट्यूनिंगचं काम माझा एक मित्र बघतो. त्याला लॉग पाठवला. त्याने उलट प्रश्न केला, "अरे, प्लग कुठले आहेत तुझ्यात? आणि गॅप किती?" गाडी माझ्याकडे आली तेव्हापासून प्लग उघडलेले नाहीत. कागदांत आधीच्या मालकाने मूळ प्रकारचे प्लॅटिनम प्लग टाकल्याची नोंद आहे. मूळ गॅप, म्हणजे ठिणगी ज्यात उडते ते प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, १.१ मिमी.

"मग १.२ बारला ती ठिणगी विझणारच रे," तो म्हणाला. "आधी बाहेर काढ आणि बघ."

११ जानेवारी

प्लग काढले. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हात लावला. हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगची बॉडी स्टीलची. गरम हेडमधून प्लग पिळून काढला तर आटे सोबत येण्याची भीती असते, आणि हेडमधले आटे गेले की अर्ध्या दिवसाचं काम अर्ध्या इंजिनाचं होतं.

वरचं कव्हर काढलं की दोन कॅम कव्हरच्या मधल्या घळीत, प्लगना उच्च व्होल्टेज देणाऱ्या सहा कॉइल एका ओळीत दिसतात. कॉइलच्या कनेक्टरचं प्लॅस्टिक इतक्या वर्षांच्या उष्णतेने पार ठिसूळ झालेलं असतं. खाच अंगठ्याने दाबून कनेक्टर सरळ मागे घ्यायचा, वायर धरून ओढायचं नाही. कॉइल बाहेर आल्यावर प्रत्येक भोकात दाबाची हवा मारली. तळाशी बसलेली वाळू आणि कचरा प्लग निघाल्यावर थेट सिलिंडरमध्ये पडतो, म्हणून हवा आधी आणि पाना नंतर.

सॉकेट १६ मिमीचा, आत रबर असलेला. पहिल्या पाव फेऱ्याला प्रत्येक प्लग कुरकुरला, मग हाताने फिरला. तीन आणि चार नंबरच्या भोकांत तेल होतं. तेल नेमकं कुठे आहे ते नीट पाहावं लागतं. प्लगच्या वरच्या अंगाला, षटकोनाभोवती असेल तर ते कॅम कव्हरच्या गॅस्केटमधून उतरलेलं असतं. टोकावर, इलेक्ट्रोडपाशी असेल तर ते पिस्टनच्या रिंगांमधून नाहीतर व्हॉल्व्ह सीलमधून आलेलं असतं आणि मग बातमी वाईट असते. इथे टोकं कोरडी आहेत. म्हणजे गॅस्केट. ते बदलल्याशिवाय नवे प्लग बसणार नाहीत, कारण तेलाने कॉइलच्या बुटाचं, म्हणजे प्लगवर चढणाऱ्या तिच्या टोपीचं, रबर फुगतं आणि मऊ पडतं.

सहा प्लग सिलिंडरच्या क्रमाने लाकडी पट्टीतल्या भोकांत उभे केले, खाली नंबर लिहिले. क्रम हरवला की अर्धी माहिती तिथेच गेली.

१२ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस भिंग, उजेड आणि सहा प्लग.

आधी गॅप मोजला, वायर गेजने. सहाही प्लग १.२५ ते १.३ मिमीच्या दरम्यान. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या आहेत. झीज म्हणजे नुसतं अंतर वाढणं नसतं. ठिणगी धारदार कडेवरून सहज सुटते, गोल झालेल्या कडेवरून सुटायला जास्त व्होल्टेज मागते. इथे अंतरही वाढलं आणि धारही गेली, म्हणजे कॉइलवर दोन बाजूंनी ताण.

मग रंग. सिरॅमिकचं नाक जवळजवळ पांढरं, कोरडं. काजळी नाही, तेल नाही. नुसत्या रंगावर मी फार भरवसा ठेवत नाही, बिनशिशाच्या आजच्या पेट्रोलने नाक पूर्वीसारखं रंगत नाही. जास्त बोलकी असते ती बाजूच्या इलेक्ट्रोडची पट्टी. तापलेल्या धातूचा रंग जिथे बदलतो तिथे पट्टीवर एक रेघ दिसते. रेघ वाकाच्या आसपास असेल तर हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड राहतो ते, जमलेली आहे. रेघ टोकाजवळच थांबली तर प्लग इंजिनाच्या मानाने फार थंड, आणि खाली पट्टी बॉडीला जोडलेली असते तिथपर्यंत उतरली तर फार गरम. माझ्या सहाही प्लगवर रेघ वाक सोडून खाली, जोडाच्या जवळ आहे. १.२ बार बूस्टसाठी हे प्लग गरम पडतायत.

नाकावर काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते बारीक मणी शोधले. नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी स्फोटासारखं पेटणं, होत असेल तर पिस्टनच्या माथ्यावरचा धातू उडून असा नाकावर चिकटतो. एकही मणी सापडला नाही. जिवात जीव आला.

चार नंबरचा प्लग मात्र वेगळं काही सांगत होता. वरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर, टर्मिनलपासून बॉडीपर्यंत, केसाएवढी बारीक काळी उभी रेघ. नखाने घासली, निघाली नाही. कॉइलचा बूट उलटा करून आत टॉर्च मारली तर रबरावर तशीच रेघ, बरोबर समोरासमोर. ठिणगी गॅपमधून उडी मारायच्या ऐवजी सिरॅमिकच्या बाहेरून घसरत बॉडीवर जात होती. आतला गॅप वाढला, सिलिंडरमधला दाब वाढला आणि विजेला बाहेरचा रस्ता स्वस्त पडला. एकदा असा कार्बनचा माग उमटला की पुढची प्रत्येक ठिणगी तोच धरते. म्हणून नुसता प्लग बदलून चालणार नाही, बूटही बदलायचा. नवा प्लग जुन्या बुटात बसवला तर जुना माग नव्या सिरॅमिकवर उतरायला वेळ लागत नाही.

षटकोनाच्या जरा वर, सिरॅमिकभोवती फिकट तपकिरी कडंही सगळ्या प्लगवर आहे. मदतीला आलेला भाचा म्हणाला, "मामा, इथून गॅस लीक होतोय का?" नाही. उच्च व्होल्टेजमुळे तिथे कोरोना डिस्चार्ज होतो, त्याने हवेतले तेलाचे बारीक कण ओढले जातात आणि चिकटून कडं तयार होतं. दिसायला वाईट, प्रत्यक्षात निरुपद्रवी. काळी उभी रेघ आणि हे तपकिरी कडं यांतला फरक ओळखता आला पाहिजे, नाहीतर चांगले प्लग फेकले जातात आणि खराब बूट गाडीत राहतात.

१६ जानेवारी

निवड. माझा क्रम पक्का आहे : आधी हीट रेंज, मग गॅप, धातू सगळ्यात शेवटी. बाजारात हे नेमकं उलटं चालतं. डब्यावर इरिडियम मोठ्या अक्षरांत आणि हीट रेंज कोडमधल्या एका आकड्यात लपलेली. इंजिन वाचतं ते त्या एका आकड्यावर.

हीट रेंज म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर हेडकडे सोपवतो त्याचं माप. ठिणगीच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही आणि थंड प्लगने इंजिनही थंड होत नाही. फरक सिरॅमिकच्या नाकाच्या लांबीत असतो. लांब नाकातून उष्णतेला बॉडीपर्यंत यायला वेळ लागतो, टोक गरम राहतं. आखूड नाकातून ती पटकन आटे आणि वॉशरमार्गे हेडमध्ये जाते. टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचत जाते आणि शेवटी वीज त्या काजळीतूनच वाहून जाते. फार वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. तसं झालं की पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात.

आकड्यांचा गोंधळ इथे सांगून ठेवतो, कारण त्यावर इंजिनं गेली आहेत. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशमध्ये उलटं, आकडा लहान म्हणजे थंड. शिवाय एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या डब्यावर शोधायचा नाही.

मूळ प्लग ६ चा. एनजीकेचा ढोबळ नियम असा की ताकद ७५ ते १०० हॉर्सपॉवरने वाढवली की एक पायरी थंड जावं. जपानी बाजारातल्या सुप्राची जाहीर ताकद २८० होती, माझी आता चारशेच्या आसपास आहे. नियमाने एक पायरी किंवा जरा जास्त. पट्टीवरची रेघही तेच सांगते. ७ ठरला. मित्राने ८ चाही विचार कर म्हणून सुचवलं, पण ही गाडी ट्रॅकइतकीच गर्दीतही चालते. दीड हजार आरपीएमवर रांगताना ८ चा प्लग काजळी धरेल. ट्रॅकपुरतीच गाडी असती तर ८ घेतला असता.

कोड एकदा फोडून घेतला की चूक होत नाही. बीकेआर७ई : बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा षटकोन, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ ही हीट रेंज आणि ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे. ही लांबी कधीही अंदाजाने घ्यायची नाही. आटे जास्त लांब असले तर पिस्टन प्लगवर आदळू शकतो. आखूड असले तर ठिणगी खोबणीत दडते आणि हेडचे उघडे राहिलेले आटे कार्बनने भरतात. बीसीपीआर मालिकेतले प्लग आट्यांनी हेच असतात, पण टर्मिनलपर्यंतची उंची साधारण अडीच मिमी जास्त. कॉइल थेट प्लगवर बसत असेल तर तेवढ्यानेही ती नीट टेकत नाही. रेझिस्टरही ठेवायचाच. त्याच्याशिवाय ठिणगीचा विद्युत गोंगाट ईसीयूच्या सेन्सरांत शिरतो.

१८ जानेवारी

गॅपचा हिशोब. ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : अंतर आणि त्या अंतरातल्या वायूची घनता. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेला हा नियम प्रत्येक टर्बो इंजिनात रोज लागू होतो. दाब आणि अंतर यांचा गुणाकार वाढला की व्होल्टेजची मागणी वाढते.

मूळ बूस्ट ०.७५ बार, म्हणजे वातावरणाचा दाब धरून १.७५. आता १.२, म्हणजे २.२. प्रमाण जवळपास सव्वा पट. कॉम्प्रेशन तेच असल्याने ठिणगीच्या क्षणीचा दाबही साधारण त्याच प्रमाणात वाढलेला. मागणी मूळ इतकीच ठेवायची तर १.१ मिमीला १.७५ ने गुणायचं आणि २.२ ने भागायचं. उत्तर येतं ०.८७५. इंटरकूलर मोठा असल्याने हवा आणखी घट्ट, कॉइल वयस्कर, आणि गॅप वापराने वाढतच जाणार. हे तिन्ही धरून ०.८ मिमी.

मग ०.६ का नको? कारण मोठ्या गॅपची ठिणगी जास्त मिश्रणाला भिडते. गॅप उगाच कमी केला तर ज्वालेचा पहिला गोळा लहान राहतो, त्यातली उष्णता इलेक्ट्रोड खाऊन टाकतात, आणि आयडलिंगला किंवा हलक्या थ्रॉटलला इंजिन खडबडतं. जितका पेलवेल तितका मोठा गॅप ठेवायचा, पण पूर्ण भारालाही तो पेलवला पाहिजे. ठिणगीची सगळ्यात कठीण परीक्षा शेवटच्या आरपीएमला होत नाही, टॉर्क जिथे सगळ्यात जास्त तिथे होते, कारण सिलिंडर तिथेच सगळ्यात जास्त भरतो. माझं मिसिंग चार हजारांवर यायचं कारण हेच.

आता धातू. इरिडियम २४०० अंशांच्याही वर वितळतो, प्लॅटिनम १७६८ ला, निकेल १४५५ ला. इरिडियम इतका टिकतो म्हणून मधला इलेक्ट्रोड सुईसारखा बारीक करता येतो : एनजीकेच्या आयएक्स मालिकेत ०.६ मिमी, डेन्सोच्या इरिडियम पॉवरमध्ये ०.४. निकेलचा इलेक्ट्रोड अडीच मिमी जाड असतो. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते, हा फायदा खरा आहे आणि जुन्या कॉइलना तो हवाच असतो. मात्र प्लग फक्त इरिडियमचे टाकून ताकद वाढते हे मला पटत नाही. मिसिंग होत होतं ते थांबलं तर हरवलेली ताकद परत येते, एवढंच. आणि ज्याला लोक कॉपर प्लग म्हणतात त्याचंही टोक तांब्याचं नसतं. तांबं आत गाभ्यात असतं, उष्णता वाहून न्यायला. टोक निकेलच्या मिश्रधातूचं.

ठरवलं ते असं : ट्यूनिंग चालू असेपर्यंत निकेल, बीकेआर७ई. प्लग वारंवार काढायचे, वाचायचे, गॅप बदलून पाहायचा, त्यात पट्टी वाकवताना बारीक इरिडियमचं टोक तुटायचा धोका नको. सगळं जागेवर बसलं की त्याच हीट रेंजचे इरिडियम, बीकेआर७ईआयएक्स, आणि मग बराच काळ तिकडे बघायचं नाही.

२२ जानेवारी

प्लग, सहा नवे बूट आणि कॅम कव्हरची गॅस्केट आली. प्लगच्या नकला सर्रास मिळतात, म्हणून प्रत्येक नग तपासला : छपाई स्वच्छ आहे का, वॉशर सैल निघून हातात येतो का, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर आहे का, पट्टीचा वेल्ड सलग आहे का. मीटर लावून टर्मिनल ते टोक रेझिस्टन्स पाहिला, सगळे पाच किलोओहमच्या आसपास.

गॅप डब्यातून ०.८ ते ०.८५ दरम्यान निघाला. फक्त बाजूची पट्टी हलवायची, मधल्या इलेक्ट्रोडला टेकू द्यायचा नाही. नाण्यासारखं गोल गेज वापरलं की त्याची कड मधल्या इलेक्ट्रोडवरच जोर देते, म्हणून गॅप मोजायला वायर गेज आणि वाकवायला वेगळं हत्यार. सहाही ०.८० वर आणले. पट्टी इलेक्ट्रोडला समांतर राहिली आहे ना, हे उजेडासमोर धरून पाहिलं. तिरकी राहिली तर एकाच कोपऱ्यावर ठिणगी पडते आणि तो कोपरा लवकर झिजतो.

२५ जानेवारी

गॅस्केट बदलली, घळ पुसून कोरडी केली, प्लग बसवले.

सुरुवात हातानेच. प्लगच्या टर्मिनलवर रबरी नळीचा तुकडा चढवून प्लग भोकात सोडला आणि नळीनेच फिरवला. आटे धरले तर फिरतो, वाकडे लागले तर नळी घसरते आणि आटे वाचतात. रॅचेटने सुरुवात केली तर ही सूचना मिळतच नाही.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं नाही. या प्लगच्या बॉडीवर आधीच तसा लेप असतो आणि एनजीके स्वतः लावू नका म्हणते. वंगण लागलं की घर्षण कमी होतं, टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो पण प्रत्यक्षात प्लग बराच जास्त पिळला जातो.

टॉर्कचे दोन आकडे समोर होते. प्लगच्या तक्त्यात १४ मिमीचे आटे आणि ॲल्युमिनियमचं हेड यासाठी २५ ते ३० न्यूटन-मीटर आहे, टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये या इंजिनाला १८. तक्ता जगातल्या सगळ्या हेडसाठी आहे, मॅन्युअल या एका हेडसाठी. १८ घेतला. वॉशर टेकल्यावर साधारण अर्ध्या फेऱ्यात रेंचने टिक केलं, म्हणजे वॉशर नीट चेपला गेला. सैल सोडणंही तितकंच वाईट. वॉशर दाबलेला नसेल तर उष्णता हेडकडे जाणारा रस्ताच तुटतो आणि ७ चा प्लग ५ च्या प्लगसारखा तापतो.

बुटांच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात, कॉइल जागेवर, कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत.

२६ जानेवारी

पहिल्या सेल्फला सुरू. गार असताना आयडलिंग पूर्वीइतकंच सुरळीत, त्यामुळे ०.८ ने खालच्या बाजूला काही बिघडलं नाही. इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ओढून पाहिलं, आधी एक बारवर. चार हजार, साडेचार, पाच. झटका नाही. पूर्ण बूस्टची परीक्षा डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घेणार, रस्त्यावर नाही.

१ फेब्रुवारी

डायनो. मित्र लॅपटॉपवर, मी गेजवर. १.२ बारला तीन हजारांपासून लाल रेघेपर्यंत वाइडबँडची रेघ सपाट. आधी जिथे टोकं उठायची तिथे आता काही नाही. मिसिंग संपलं.

पण खरं काम त्यानंतर होतं. शेवटच्या रनला पूर्ण भारावर असतानाच इग्निशन बंद केलं, क्लच दाबला आणि इंजिन तसंच थांबू दिलं. आयडलिंगवर आणून बंद केलं तर शेवटच्या मिनिटाची काजळी आधीचा सगळा पुरावा झाकून टाकते. गार झाल्यावर सहाही प्लग काढून लाकडी पट्टीत लावले.

एक ते पाच : रेघ बरोबर वाकावर, नाकाच्या तळाशी मिश्रणाचं बारीक करडं कडं. ७ ची निवड बरोबर निघाली. सहावा मात्र वेगळा. रेघ वाकाच्या खाली उतरलेली आणि नाकाच्या तळाचं कडं जवळजवळ नाहीच. तो सिलिंडर इतरांपेक्षा लीन आणि गरम चालतोय. वाइडबँडला हे दिसलं नाही, कारण तो सहा सिलिंडरांची सरासरी सांगतो. पाच जण बरोबर असले की सहावा त्या सरासरीत लपतो.

मित्र म्हणाला, "सहाव्यात ८ चा टाकून बघू या का?" मी नको म्हटलं. त्याने प्लगचं टोक थंड राहील, पण सिलिंडर तितकाच लीन राहील. पिस्टन, व्हॉल्व्ह तसेच तापत राहतील, आणि तो तापतोय हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपण गप्प केलेला असेल. सहाही सिलिंडरांत एकच प्लग राहणार. तोवर बूस्ट ०.८ वर.

८ फेब्रुवारी

इनटेक काढून सहाही इंजेक्टर टेस्ट बेंचवर नेले. सहावा बाकीच्यांपेक्षा सुमारे सात टक्के कमी पेट्रोल देत होता आणि त्याचा फवारा एका बाजूला झुकलेला. अल्ट्रासॉनिक सफाई आणि नव्या गाळण्यांनंतर तो इतरांच्या दोन टक्क्यांच्या आत आला, फवाराही सरळ झाला. ओ-रिंग सगळ्या नव्या टाकल्या.

१५ फेब्रुवारी

पुन्हा डायनो, पुन्हा तशीच बंद केलेली रन, पुन्हा सहा प्लग पट्टीत. या वेळी नवे निकेल प्लग घातले होते, कारण आधीच्या रनचे डाग असलेल्या प्लगवर नवी गोष्ट वाचता येत नाही. सहाव्याची रेघ आता वाकावर आहे. नंबर झाकून भाच्याला सहावा ओळखायला सांगितला, त्याने दोन नंबरचा उचलला.

गॅप ०.९ करून एक रन मुद्दाम घेतली. १.२ बारला तीही स्वच्छ गेली, पण झीज धरून हातात काही उरत नाही, म्हणून परत ०.८. आयडलिंगमध्ये मला दोन्हींत फरक जाणवला नाही.

२२ फेब्रुवारी

इरिडियमचा संच बसवला. बीकेआर७ईआयएक्स, डब्यातूनच ०.८ गॅपचा. बीकेआर७ईआयएक्स-११ घ्यायचा नाही, शेवटचा ११ म्हणजे १.१ मिमी आणि मग पट्टी इतकी वाकवावी लागते की ती तिरकी बसते. सगळे वायर गेजने हलकेच मोजले, एकालाही हात लावावा लागला नाही. टॉर्क १८.

निकेलचा संच क्रमाने नंबर लावून ठेवला आहे. बूस्ट, पेट्रोल किंवा टायमिंग यांतलं काहीही बदललं की आधी तोच घालून डायनोवर वाचायचा. पुढची तपासणी पाच हजार किलोमीटरला : गॅप, पट्टीवरची रेघ, तीन आणि चारच्या भोकांत तेल आहे का, आणि चार नंबरच्या बुटाच्या आत टॉर्च.